पगार थकलाय? मग निदान या चुका तरी करू नका

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मी बरीच वर्षं हजेरीबुक आणि पगारपत्रक सांभाळलं. त्यामुळं आता कुणाचा पगार अडकला की गल्लीतली, पाहुण्यातली पोरं माझ्याकडं येतात. हातात कागद एक नसतो. चौथा-पाचवा महिना थकलेला असतो, बायकोचं गंठण बँकेत गेलेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "काका, केस टाकली तर किती दिवसात पैसे मिळतील?"

अरे, आधी तुझा मालक कोण ते तर सांग!

मालकाचं नाव चुकवणं

हसू नका. कामगार कार्यालयात टाकलेल्या थकीत पगाराच्या अर्जात मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक हीच. गोकुळ शिरगाव काय, शिरोली काय, एकाच शेडमध्ये तीन-तीन फर्म चालतात. गेटवर एका नावाची पाटी, बिलं दुसऱ्या नावानं, पगार तिसऱ्याच खात्यातून. मालक भाऊ-भाऊ किंवा नवरा-बायको. पोरं आपली पाटीवरचं नाव अर्जात घालतात. मग तारखेला समोरून माणूस येतो आणि शांतपणे सांगतो, "हा आमच्याकडं कधी कामालाच नव्हता." तांत्रिकदृष्ट्या ते खरंही असतं.

मी काय करतो? पहिल्यांदा बँकेचं पासबुक मागतो. पूर्वीचे पगार कुठल्या नावानं जमा झालेत ते बघतो. मग पीएफचं पासबुक: त्यावर आस्थापनेचं नाव आणि कोड असतो, तो मालकाला बदलता येत नाही. जीएसटी नंबर गेटच्या पाटीवर लावावाच लागतो, तो जीएसटीच्या वेबसाइटवर टाकला की कायदेशीर नाव आणि पत्ता निघतो. तरीही शंका राहिली तर सगळ्या फर्मांना सामनेवाले करून टाकतो. एखादं नाव जास्त झालं तर बिघडत नाही, कमी पडलं तर सगळं परत पहिल्यापासून.

ठेकेदारामार्फत असाल तर ठेकेदार आणि कंपनी दोन्ही लिहा. ठेकेदारानं पैसे दिले नाहीत तर ज्या आस्थापनेत काम केलं तिच्या मालकावर जबाबदारी येते. ठेकेदाराचा फोन बंद झाला म्हणून घरी बसू नका.

नुसतं तोंडी मागत राहणं

"मालक म्हणालेत, सोमवारी बघू." असे किती सोमवार गेले हे पोरगं सांगत नाही, मीही विचारत नाही. आपल्याकडं मालक बहुतेक वेळा गावचाच, कुणाचा तरी पाव्हणा, तालमीच्या वर्गणीला मोठी पावती फाडणारा. त्याला कागद द्यायचा म्हणजे अंगावर गेल्यासारखं वाटतं. कारखाना खरंच अडचणीत असेल, ऑर्डरी थांबल्या असतील, सगळं मान्य. पण त्याच अडचणीतला मालक लाइटबिल तारखेला भरतो, कारण नाही भरलं तर कनेक्शन तुटतं. तुमचं काय तुटतं?

नियम साधा आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. आठवड्यानं हिशेब असेल तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. काम सुटलं, काढलं किंवा कारखाना बंद पडला तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली, तिच्यात हे आहे. तिथं दावा करायची मुदत ३ वर्षं आहे. १९३६ च्या जुन्या कायद्यात ती १२ महिने होती आणि मी अजून तीच डोक्यात धरून चालतो. तीन वर्षं ऐकलं की माणूस ढिला पडतो, तोवर कारखान्यातली यंत्रंसुद्धा विकून झालेली असतात.

माझी सवय अशी: दुसरी ७ तारीख कोरडी गेली की एक पानी अर्ज. "विषय: थकीत वेतन मिळणेबाबत." खाली महिना, भरलेले दिवस, ओव्हरटाइम, ठरलेला पगार, मिळालेली रक्कम, बाकी. रागाचा एक शब्द नाही. दोन प्रती. एक ऑफिसात द्यायची, दुसरीवर आवक शिक्का किंवा सही घ्यायची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवायचा आणि पावती अर्जालाच टाचून ठेवायची, पाकिटात नाही. पाकिटातल्या पावतीची शाई उडते.

हिशेब पूर्ण झाल्याची सही

यावर मला जरा जास्त बोलायचंय.

नात्यातला एक पोरगा, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचा ऑपरेटर, हात चांगला. चार महिन्यांचा पगार थकला. मालकानं केबिनमध्ये बोलावलं, चहा पाजला आणि पुढच्या तारखांचे तीन चेक दिले. बदल्यात एका छापील कागदावर सही: 'माझा सर्व हिशेब पूर्ण मिळाला, कोणतीही बाकी नाही.' शिवाय एक राजीनामा, 'वैयक्तिक कारणास्तव'. पोरगं खुशीत घरी आलं, पेढे वाटायचेच बाकी होते.

पहिला चेक टाकला, परत आला. मालक फोनवर म्हणाला, "आता लगेच काही करू नकोस, दिवाळीनंतर परत टाक." यानं चेक आणि तो न वटल्याचा बँकेचा मेमो कपाटात ठेवला. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत तो बँकेत टाकावा लागतो. परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, तरी पैसे नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. दिवाळी उरकेपर्यंत यातली पहिल्या चेकची सगळी गणितं संपली होती.

तेव्हा तो माझ्याकडं आला. दुसरा आणि तिसरा चेक मुदतीत टाकला, परत येताच वकिलाकडून नोटीस काढली, ते पैसे आले. पहिल्या चेकच्या रकमेसाठी कामगार कार्यालयात बसावं लागलं. तिथं मालकाच्या माणसानं तो सहीचा कागद टेबलावर ठेवला. संहितेप्रमाणं पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाचीच, पण आपण स्वतःच 'मिळाला' म्हणून सही करून दिली तर ते काम आपणच सोपं करून दिलं की! बँकेचा मेमो जवळ होता म्हणून निभावलं, तरी शेवटी थोडं कमीवरच तोडलं.

चेक घ्या, माझी ना नाही. पण पावतीवर स्वतःच्या हातानं चेक नंबर, तारीख, रक्कम लिहा आणि खाली 'चेक वटल्यानंतरच हिशेब पूर्ण' असं लिहून मग सही करा. मालक नको म्हणाला तर सही नको. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर सही करणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही.

राजीनाम्यात खरं कारण लिहा. नेटवरून उतरवलेला 'वैयक्तिक कारणास्तव'वाला नमुना मालकाच्याच कामाला येतो.

कामावर जाणं एकदम बंद करणं

पगार नाही तर काम नाही, हे मनाला पटतं. पण न सांगता घरी बसलात की आठवड्यात पत्र येतं: 'आपण विनापरवाना गैरहजर आहात.' जायचं थांबवायचंच असेल तर का थांबवताय ते आधी लेखी द्या. आणि बाहेर पडण्याआधी हजेरीचे फोटो, शिफ्टचे मेसेज, ओळखपत्र, पगाराच्या स्लिपा गोळा करा. एकदा गेट बंद झालं की आतलं काहीच मिळत नाही. इचलकरंजीत यंत्रमागावर मजुरी मीटर आणि पिकावर (कापडातल्या आडव्या धाग्यांवर) निघते, तिथं तर स्वतःची वही पाहिजेच. उचल घेतली असेल तर तीही तारखेनिशी लिहा, नाहीतर हिशेबाच्या वेळी ती दुप्पट होते.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, आणि प्रकरण मिटेपर्यंत तो मोबाइल एक्स्चेंजला देऊ नका. मूळ फोन जवळ असलेला बरा.

आता भराभर

कारखान्यातलं मोजमापाचं हत्यार किंवा माल 'पगाराच्या बदल्यात' घरी आणू नका. तुम्ही फिर्यादीचे आरोपी होता.

स्टेटसला मालकाचा फोटो नको. समाधान एका दिवसाचं, भांडण वर्षाचं.

पीएफ कापून भरलेला नसेल तर ती तक्रार वेगळी, पीएफ कार्यालयाकडं. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पासबुक दर महिन्याला बघत जा. बऱ्याचदा पगार थांबायच्या आधी पीएफ थांबलेला असतो.

"मी सुपरवायझर, मला कामगार कायदा लागत नाही," असं म्हणून अकाउंटंट आणि इंजिनिअर मंडळी गप्प बसतात. वेतन संहितेत सुपरवायझर, मॅनेजर सगळे येतात.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर कामगार कार्यालयात वेळ घालवू नका. त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडं (रिझोल्यूशन प्रोफेशनल) आपल्या रकमेचा दावा मुदतीत दाखल करा, बातमी दिसली त्याच आठवड्यात.

आणि मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच. ऑगस्ट २०२५ मध्ये ते कोल्हापुरात सुरू झालं, इतक्या वर्षांच्या लढ्यानंतर, आनंदच आहे. पण तेव्हापासून दोन पगार थकलेला पोरगाही म्हणतो, "थेट हायकोर्टात जाऊया." अरे, पहिली पायरी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथला अर्ज तीन महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं संहिता म्हणते. थकबाकीच्या दहा पटीपर्यंत भरपाईचा अधिकारही त्या अधिकाऱ्याला आहे. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. वकील परवडत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही स्त्रीला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. ही सोय सोडून लोक पुढाऱ्याच्या ऑफिसबाहेर ताटकळत बसतात. तिथून एक फोन जातो, मालक "हो साहेब" म्हणतो आणि पुढचा सोमवार येतो.

पहिला हप्ता मिळाला की अर्ज मागं घेणं

अर्ज गेला की बहुतेक मालक तडजोडीला येतात. हप्ते ठरतात. पहिला हप्ता रोख हातात पडला की पोरगं विरघळतं आणि अर्ज मागं घेऊन मोकळं होतं. हप्ते घ्या, पण अधिकाऱ्यासमोर तारखांसकट लिहून घ्या, रोखीत नको, खात्यावर घ्या. शेवटचा हप्ता पासबुकात छापून आला की मग अर्जाचं बघू.