आर्टिक्युलेशनचा संच: एकदा बांधा, प्रत्येक रचनेत वापरा

सॅम्पल लायब्ररीतील, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांच्या संग्रहातील, एकाच व्हायोलिनमध्ये सस्टेन (लांब धरलेला स्वर), लेगाटो (जोडून), स्टकाटो (तोडून), स्पिकाटो (गज उसळवून), पिझिकाटो (बोटाने छेडून), ट्रेमोलो (गज वेगाने मागेपुढे करून) असे वादनाचे अनेक प्रकार, म्हणजेच आर्टिक्युलेशन, वेगवेगळे ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि त्यांतला कोणता वाजवायचा हे लायब्ररीला प्रत्येक वेळी मिडी या, वाद्ये आणि संगणक यांच्यातील सूचनांच्या प्रमाण भाषेतील संदेशाने सांगावे लागते. बहुतेक लायब्ररींमध्ये हा संदेश म्हणजे कीस्विच असतो, म्हणजेच वाद्याच्या स्वरमर्यादेबाहेरची एखादी पट्टी, जी दाबल्यावर स्वर वाजत नाही, केवळ आर्टिक्युलेशन बदलते. हे कीस्विच पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर आडव्या पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या खिडकीत, हाताने काढत बसणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत महागात पडणारी पद्धत आहे. रचना मधूनच वाजवायला सुरुवात केली, तर आधी येऊन गेलेला कीस्विच लायब्ररीपर्यंत पोहोचलेलाच नसतो आणि पिझिकाटोच्या जागी ट्रेमोलो ऐकू येतो. स्वरलेखन उघडले की खाली निरर्थक स्वरांची रांग दिसते. शिवाय लायब्ररी बदलायची ठरवली, तर प्रत्येक कीस्विच नव्याने काढावा लागतो.

यावरचा उपाय संगीतनिर्मितीच्या बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, फक्त त्याची नावे निराळी आहेत. क्युबेसमध्ये २००९ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून एक्स्प्रेशन मॅप आहेत, लॉजिक प्रोमध्ये २०१८ सालच्या १०.४ आवृत्तीपासून आर्टिक्युलेशन सेट आहेत, स्टुडिओ वनमध्ये त्यांना साउंड व्हेरिएशन म्हणतात, डोरिकोमध्येही एक्स्प्रेशन मॅपच म्हणतात आणि रीपरमध्ये रीटिक्युलेट हे मोफत जोडसाधन वापरता येते. तत्त्व सगळीकडे एकच आहे: स्वरावर ‘स्पिकाटो’ अशी खूण राहते आणि तिचे लायब्ररीला कळणाऱ्या संदेशात रूपांतर करण्याचे काम मॅप करतो. मात्र केवळ मॅपची फाइल तयार केल्याने तो पुन्हा वापरण्याजोगा होत नाही. लायब्ररी कोणतीही असली तरी वरची खूण कायम राहिली, तरच तो तसा होतो, आणि म्हणून सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी स्वतःची यादी ठरवणे आवश्यक आहे.

आधी यादी, मग मॅप

यादी लायब्ररीच्या क्रमानुसार करू नये. आपण प्रत्यक्षात वापरतो ते प्रकार लिहावेत, त्यांना कायमचे क्रमांक द्यावेत आणि मध्ये भरपूर जागा रिकाम्या ठेवाव्यात. उदाहरणार्थ, १ ते १९ लांब स्वरांसाठी आणि २१ ते ३९ आखूड स्वरांसाठी राखून ठेवता येतील: १ सस्टेन, २ लेगाटो, ५ ट्रेमोलो, ६ आणि ७ अनुक्रमे अर्ध्या व पूर्ण स्वराचे ट्रिल (दोन स्वर झटपट आलटूनपालटून), २१ स्टकाटो, २२ स्पिकाटो, २४ मार्काटो (ठासून), २७ पिझिकाटो. हीच यादी तंतुवाद्यांबरोबर सुषिर वाद्यांनाही लावावी. तंतुवाद्यांत ५ म्हणजे ट्रेमोलो असेल, तर बासरीत तोच क्रमांक फ्लटर टंगिंगला (जीभ थरथरवत वाजवण्याला) द्यावा, कारण व्हायोलिनची ओळ बासरीच्या ट्रॅकवर नेली की तिथे अर्थाने सर्वांत जवळचा प्रकार आपोआप वाजावा, हाच या खटाटोपाचा हेतू आहे.

एखाद्या लायब्ररीत एखादा प्रकार नसेल, तर त्या क्रमांकाची जागा रिकामी ठेवण्याचा मोह टाळावा. स्पिकाटो नसेल, तर २२ वर स्टकाटोचाच संदेश द्यावा; क्लॅरिनेटला पिझिकाटो नसतेच, तरीही २७ वर आखूड स्टकाटो जोडून ठेवावा. रिकाम्या जागेतून कोणताही संदेश जात नाही, त्यामुळे लायब्ररी आधीच्याच आर्टिक्युलेशनवर अडून राहते आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात वेळ जातो.

सॉर्डिनोसारख्या (वाद्यावर म्यूट बसवून वाजवणे) अवस्थांचा विचार वेगळा करावा लागतो. आठ वादनप्रकार आणि म्यूट असणे-नसणे या दोन अवस्था यांच्या जोड्या सोळा होतात. क्युबेसमध्ये आर्टिक्युलेशनचे गट करता येतात. एका गटातील प्रकार परस्परांना वगळतात, त्यामुळे म्यूटसाठी दुसरा गट केला की काम सुटसुटीत होते. डोरिकोमध्ये एका मूळ स्विचवर पूरक स्विच चढवता येतो. लॉजिकमध्ये एका स्वराला एकच आर्टिक्युलेशन क्रमांक मिळतो, म्हणून तिथे प्रत्येक जोडीला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. मूळ क्रमांकात १०० मिळवण्याचा संकेत पाळला, तर १२२ म्हणजे सॉर्डिनोसह स्पिकाटो हे लक्षात ठेवावे लागत नाही.

कीस्विच कुठे ठेवावेत

मिडीमध्ये स्वरांचे क्रमांक ० ते १२७ असतात आणि ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डवर त्यांपैकी २१ ते १०८ हे येतात. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर साधारणपणे २८ क्रमांकाचा असतो, तर खाली विस्तार केलेल्या वाद्यात तो २४ पर्यंत जातो. व्हायोलिनचा खालचा स्वर ५५ असल्यामुळे २४ ते ३५ ही जागा व्हायोलिनच्या कीस्विचला सोयीची वाटते, पण तीच जागा डबल बासच्या वादनात अडथळा ठरते. लायब्ररीत कीस्विच हलवण्याची सोय असेल, तर ते सर्व वाद्यांसाठी ० ते २० या क्रमांकांवर न्यावेत. ऑक्टेव्ह न बदलता ही जागा ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डवरही हाताखाली येत नाही आणि वाद्यवृंदातील नेहमीची वाद्येही तिथे पोहोचत नाहीत. संदेश सॉफ्टवेअरच पाठवणार असल्याने तिथे बोट पोहोचण्याची गरजही नसते.

याद्या स्वरनामांऐवजी स्वरक्रमांकांनी लिहिणे हिताचे ठरते. ६० क्रमांकाच्या मधल्या सी या स्वराला काही उत्पादक सी ३ म्हणतात, तर काही सी ४. क्युबेस आणि लॉजिक मुळात सी ३ दाखवतात. त्यामुळे माहितीपुस्तिकेत पाहून लिहिलेले स्वरनाम बरोबर एका ऑक्टेव्हने चुकते आणि मॅप मुका राहतो. मॅप निर्दोष दिसत असूनही काहीच बदलत नसेल, तर सर्वप्रथम हे तपासावे.

कीस्विचशिवायही मार्ग आहेत. काही लायब्ररी कंट्रोल चेंज (सीसी) या मिडीच्या नियंत्रण-संदेशाच्या मूल्यावरून आर्टिक्युलेशन निवडतात. त्यासाठी सीसी ३२ वापरण्याचा एक प्रघात आहे आणि स्वरमर्यादेशी त्याचा संबंध येत नसल्याने जिथे उपलब्ध असेल तिथे तोच निवडावा, असे माझे मत आहे. काही ठिकाणी एकाच कीस्विचचा अर्थ व्हेलॉसिटीनुसार, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्यानुसार, बदलतो. तिथे मॅपमधून स्वराबरोबर व्हेलॉसिटीही ठरवून पाठवावी लागते. प्रत्येक प्रकाराला वेगळे मिडी चॅनेल देण्याची पद्धत दोन प्रकार एकाच वेळी वाजवायचे असतील तेव्हा उपयोगी पडते, पण मग डायनॅमिक्ससाठी (आवाजाच्या चढउतारासाठी) वापरलेला सीसी १ सर्व चॅनेलना पोहोचतो ना, हे पाहावे लागते.

प्रत्यक्ष बांधणी

लॉजिकमध्ये ट्रॅकच्या इन्स्पेक्टरमधील आर्टिक्युलेशन सेटच्या मेनूतून नवा संच सुरू करावा. संपादकाच्या खिडकीत तीन भाग दिसतात: वादकाने दाबायचे स्विच, आर्टिक्युलेशनची यादी आणि आउटपुट. यादीत स्पिकाटोच्या ओळीला २२ क्रमांक द्यावा, आउटपुटमध्ये त्याच ओळीसाठी संदेशाचा प्रकार नोट ऑन (स्वर सुरू करण्याचा) ठेवून लायब्ररीचा कीस्विच, समजा ३, नेमावा आणि आउटपुट चालू केल्याची खात्री करावी. यानंतर पियानो रोलमध्ये निवडलेल्या स्वरांना स्पिकाटो ही खूण द्यायची, एवढेच उरते. दुसऱ्या लायब्ररीसाठी हाच संच नव्या नावाने जतन करून फक्त आउटपुटचे रकाने बदलावेत. यादीला हात लावू नये.

क्युबेसमध्ये प्रत्येक आर्टिक्युलेशन ‘डिरेक्शन’ आहे की ‘ॲट्रिब्यूट’ हे ठरवावे लागते. डिरेक्शन दिल्यापासून पुढची डिरेक्शन येईपर्यंत लागू राहते, ॲट्रिब्यूट फक्त त्या एका स्वरापुरते असते. छापील स्वरलिपीत जसे लिहिले जाते तसेच इथेही ठरवावे: पिझिकाटो ही डिरेक्शन, आणि तिच्यातून बाहेर पडण्यासाठी आर्को (पुन्हा गजाने), स्टकाटोचा बिंदू मात्र ॲट्रिब्यूट. डोरिकोमध्ये स्वराच्या लांबीची अटही घालता येते, त्यामुळे लांब स्वराला सस्टेन आणि आखूड स्वराला मार्काटो अशी निवड खूण न देताही होऊ शकते.

उशिरा लागणारे स्वर

ध्वनिमुद्रित लेगाटोमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याचा आवाजही असतो आणि काही लायब्ररींमध्ये तो पूर्ण होण्यास १०० ते ३०० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळांश स्वर १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे २५० मिलिसेकंदांचा विलंब हा चक्क एक अष्टमांश स्वर होतो. ट्रॅकला उणे विलंब देऊन, म्हणजे तो थोडा आधी वाजवून, हे सावरता येते, पण तो संपूर्ण ट्रॅकला लागतो आणि आखूड स्वर त्यामुळे घाईने वाजतात. आर्टिक्युलेशननिहाय विलंब देण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती वापरावी. नसेल तर एका वाद्याचे लांब आणि आखूड असे दोन ट्रॅक करावेत. एकाच ट्रॅकवर सर्व काही ठेवण्याचा आग्रह इथे सोडून द्यावा. दोन्ही ट्रॅकना संच एकच राहतो, फक्त विलंबाचे आकडे निराळे असतात.

तपासणी आणि जतन

प्रत्येक नव्या संचासाठी एकच चाचणीची ओळ ठेवावी, जिच्यात यादीतील प्रत्येक क्रमांकाचा एक लांब आणि एक आखूड स्वर असेल. ती आधी सुरुवातीपासून वाजवावी, मग मुद्दाम मधल्या एखाद्या मात्रेपासून, आणि शेवटी तिची ऑडिओ फाइल काढून ऐकावी. कीस्विच आणि स्वर एकाच क्षणी पोहोचले की काही लायब्ररी पहिला स्वर जुन्याच प्रकारात वाजवतात, आणि हा दोष कधीकधी फाइल काढल्यावरच उघडा पडतो.

फाइलच्या नावात वाद्य, लायब्ररी आणि लायब्ररीची आवृत्ती असावी, कारण लायब्ररी अद्ययावत झाल्यावर तिचे कीस्विच बदलू शकतात. लॉजिकचे संच वापरकर्त्याच्या म्यूझिक फोल्डरमधील ‘ऑडिओ म्यूझिक ॲप्स’ या फोल्डरात, आर्टिक्युलेशनच्या उपफोल्डरात साठतात. नवा संगणक घेताना हा फोल्डर हमखास मागे राहतो, म्हणून त्याची प्रत वेगळी ठेवावी. क्युबेसमध्ये मॅप प्रकल्पाबरोबर जातो, त्यामुळे एका प्रकल्पात केलेली दुरुस्ती टेम्प्लेटमध्ये (नव्या प्रकल्पांच्या तयार साच्यात) आपोआप उतरत नाही. मॅप निर्यात करून टेम्प्लेटमध्ये पुन्हा आणावा लागतो. क्रमांकांची मूळ यादी मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरबाहेर, साध्या तक्त्यात असावी, म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी आउटपुटचे रकाने भरण्यापासूनच काम सुरू करता येते.

तालवाद्यांसाठी हा संच वापरू नये. तिथे प्रत्येक पट्टीवर वेगळा आघात असतो आणि त्यासाठी ड्रम मॅप हेच योग्य साधन आहे.