‘मलाको’ की ‘म्लेको’? पाहुण्याची भाषा ओळखायची रीत

गोव्यातल्या मोरजीत आमच्या घराच्या मागल्या अंगाला तीन खोल्या आहेत. ऑक्टोबर ते मार्च त्या पाहुण्यांना भाड्याने देते. त्याआधी ३१ वर्षं पेडणे तालुक्यात मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द कानावर पडला की त्याचं कूळ शोधायची सवय लागली ती लागलीच.

रशिया, युक्रेन, पोलंड अशा देशांतून येणाऱ्या, स्लाव्ह कुळातल्या भाषा बोलणाऱ्या पाहुण्यांना आमच्याकडे सरसकट ‘रशियन’ म्हणतात. मीही म्हणत असे. एकदा युक्रेनच्या कीव्हहून आलेल्या बाईंनी खोलीचे पैसे दिले आणि मी शिकून ठेवलेलं रशियन आभाराचं ‘स्पासीबा’ म्हटलं. त्या रागावल्या नाहीत, पण चेहरा उतरला. हळूच म्हणाल्या, “आमच्यात द्याकुयु म्हणतात.” रात्री मला झोप आली नाही. आपल्याला कुणी दुसऱ्याच भाषेचं समजून बोललं तर कसं वाटतं, हे गोव्यात मराठी बोलणाऱ्याला सांगायला नको. तेव्हापासून वहीत टिपणं ठेवू लागले. पसऱ्यावर (दुकानात), खोल्यांवर, टॅक्सीवर या लोकांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, त्यांच्यासाठी ती इथे देते.

सुरुवात दुधापासून करा, कारण सकाळी चहासाठी ते हमखास मागतात. रशियन माणूस ‘मलाको’ म्हणेल, युक्रेनियन ‘मोलोको’. पोलिश, चेक आणि सर्बियन ‘म्लेको’, क्रोएशियन ‘म्लियेको’, बल्गेरियन ‘म्ल्याको’. नुसती अक्षरं मोजा. तीन अक्षरं सुटी सुटी, मध्ये स्वर घालून आली, तर ती पूर्व शाखा: रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन. ‘म्ल’ असं जोडाक्षर आलं तर पश्चिम किंवा दक्षिण. मूळ शब्द साधारण ‘मेल्को’ होता. पूर्वेकडच्यांनी ‘ल’च्या दोन्ही बाजूंना स्वर ठेवला, बाकीच्यांनी ‘ल’ पुढे ओढला.

दुसरी खूण डोक्याची. उन्हात दिवसभर पडून डोकं धरून येतात, तेव्हा ऐका. रशियन ‘गलावा’, युक्रेनियन ‘होलोवा’, चेक ‘ह्लावा’, सर्बियन ‘ग्लावा’, पोलिश ‘ग्वोवा’. जुन्या ‘ग’चा युक्रेनियन, बेलारूशियन, चेक आणि स्लोव्हाकमध्ये ‘ह’ झाला. दूध आणि डोकं एवढ्या दोन शब्दांवर बहुतेक पाहुण्यांची शाखा कळते.

तिसरी खूण आभाराची. पोलिश ‘जेंकुये’, चेक ‘द्येकुयि’, स्लोव्हाक ‘द्याकुयेम’ आणि युक्रेनियन ‘द्याकुयु’ एका गोत्रातले, मुळात जर्मनिक भाषेतून आलेले. ‘ह्वाला’ ऐकलं तर सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन किंवा स्लोव्हेनियन. ‘ब्लागोदार्या’ म्हणजे बल्गेरियन.

आता हे तीन फाटे का पडले, ते सांगते. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ही सगळी एकच बोली होती. सहाव्या शतकापासून हे लोक पांगत गेले, काही पूर्वेला, काही एल्ब नदीपर्यंत पश्चिमेला, काही बाल्कन डोंगरांत. इ. स. ८९५च्या सुमारास मग्यार लोक, म्हणजे हंगेरियनांचे पूर्वज, डॅन्यूबच्या खोऱ्यात येऊन बसले आणि पश्चिम व दक्षिण शाखांच्या मधली वाट तुटली. म्हणूनच हंगेरियन पाहुण्याला या यादीत बसवू नका. बऱ्याच बाजूंना स्लाव्ह शेजारी असले तरी त्याची भाषा वेगळ्या कुळातली आहे. रोमानियनही लॅटिनची लेक.

लिपीची गोष्ट मला सगळ्यांत जवळची. ८६३ साली मोराव्हियाच्या (आजच्या चेक भागातल्या) रास्तिस्लाव्ह राजाच्या मागणीवरून थेस्सलोनिकी या ग्रीक शहरातले दोन भाऊ, सिरिल आणि मेथोडियस, तिकडे गेले. धर्म सांगायचा तो लोकांच्या भाषेत, म्हणून सिरिलने नवी लिपी घडवली. ती ग्लागोलितिक. आज आपण जिला सिरिलिक म्हणतो ती पुढे बल्गेरियात, त्यांच्या शिष्यांच्या काळात, ग्रीक अक्षरांवरून तयार झाली. गोव्यात १६१६ साली राशोलला ख्रिस्तपुराण छापलं तेही मराठीत आणि रोमी लिपीत. त्यामुळे धर्मप्रसारकाच्या हातून भाषेला लिपी मिळते, हे आपल्याला वेगळं समजावावं लागत नाही. तिथेही ढोबळमानाने ऑर्थोडॉक्सांकडे सिरिलिक आणि कॅथलिकांकडे लॅटिन अशी वाटणी झाली. सर्बियन तर आजही दोन्ही लिप्यांत लिहितात. आपल्याकडे देवनागरी आणि रोमी कोकणी शेजारी शेजारी नांदते, तसंच.

त्या दोघा भावांची ग्रंथभाषा रशियनमध्ये आपल्या संस्कृतासारखी मुरली आहे. रशियन माणूस दुधाला ‘मलाको’ म्हणतो, पण आकाशगंगेला ‘म्लेच्नी पुत्’, म्हणजे दुधाची वाट. घरी दूध आणि पाटीवर दुग्धालय, हा आपला तद्भव-तत्समाचाच भेद. शहरांच्या नावांतही तो दिसतो. नोव्हगोरोदमधलं ‘गोरोद’ (शहर) घरचं, व्होल्गोग्रादमधलं ‘ग्राद’ पोथीतलं.

पासपोर्ट किंवा फोनवर लिहिलेलं दिसलं तर काम सोपं. सिरिलिकमध्ये इंग्रजी आयवर दोन टिंबं दिसली की युक्रेनियन. वायसारख्या अक्षरावर वाटीसारखी खूण असली तर बेलारूशियन. इंग्रजी जे दिसला तर सर्बियन किंवा मॅसेडोनियन. आय कुठेच नाही, पण लहान बीसारख्या अक्षराला सुटी उभी काठी लागली आहे, तर रशियन. रशियनने तो आय १९१८च्या लेखनसुधारणेत टाकला. लॅटिन लिपीत एलवर तिरकी रेघ असली तर बहुधा पोलिश, यूवर शून्य असलं तर चेक.

एक सावधगिरी. जवळचे शब्द फसवतात. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी उंडे देऊन गेला, तेव्हा प्रागच्या पाहुण्याने पाव हातात घेऊन खुशीत ‘चेर्स्तवी’ म्हटलं. शेजारच्या खोलीतल्या रशियन बाईंनी आपला पाव परत टोपलीत ठेवला. चेकमध्ये त्याचा अर्थ ताजा, रशियनमध्ये जवळजवळ त्याच उच्चाराचा अर्थ शिळा. दोघांना समजावताना माझा चहा निवला.

आणि रशियन संस्कृतातून निघाली, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. दोघी एकाच पुरातन घरच्या बहिणी, आईमुलगी नव्हेत. पण त्या घराच्या खुणा सासरच्या नात्यांत अजून टिकल्या आहेत. आपला दीर, संस्कृत देवर, रशियनमध्ये ‘देव्येर’. आपली सून, संस्कृत स्नुषा, तिकडे ‘स्नखा’. श्वशुर तो ‘स्व्योकर’, विधवा ती ‘व्दवा’. व्याकरण शिकवलेल्यांना आणखी एक सांगते. संस्कृतातलं द्विवचन आपण कधीच सोडलं, स्लोव्हेनियनमध्ये ते रोजच्या बोलण्यात आहे. उलट बल्गेरियनने नामांच्या विभक्ती जवळजवळ सगळ्या टाकल्या.

एवढं करूनही खात्री वाटली नाही तर अंदाज बांधू नका. कझाकस्तानचा माणूसही सुंदर रशियन बोलतो आणि त्याच्या घरची भाषा निराळी असते. मी दुधाची पिशवी पुढे धरते आणि विचारते, “तुमच्या घरी याला काय म्हणतात?” मग ते सांगतील तसं देवनागरीत लिहून घेते आणि त्यांना वाचून दाखवते. बहुतेक जण एकदा तरी माझा उच्चार दुरुस्त करतात. तो दुरुस्त केलेला शब्द मी वहीत लाल शाईने लिहिते.