भंगारातल्या गिटारमधून युकुलेले: या चुका टाळा

तुटक्या गिटारची दांडी, बँजो पार्टीतून बाद झालेल्या बुलबुल तरंगाच्या खुंट्या, पाडलेल्या धाब्याच्या घराचा सागवान. चार तारांच्या छोट्या युकुलेलेसाठी खान्देशात एवढा माल जमवणं फार अवघड नाही. घोळ पुढे होतो, कारण प्रत्येक भाग आपल्या मूळ वाद्याचं माप आणि ताण सोबत घेऊन येतो. ते न तपासता जोडाजोड केली की वाद्य दिसायला झकास, पण वाजायला बेसूर.

सगळ्यात जास्त फसगत दांडीत. स्टीलच्या तारांच्या गिटारची नट (डोक्याकडची खाचांची पट्टी) ते ब्रिज (पेटीवर तारा अडकवायची पट्टी) लांबी साधारण ६५० मिमी असते. सातव्या पडद्यावर (फ्रेटवर) दांडी कापून तिथे नवा नट बसवला की ४३४ मिमी उरतात, म्हणजे टेनर या मोठ्या युकुलेलेचं माप. इथवर हिशेब बरोबर. पण अशी दांडी बहुधा चौदाव्या पडद्याशी पेटीला जोडलेली असते आणि तिथून ब्रिज २९० मिमीवर येतो. ब्रिजच्या मागे ७५-८० मिमी फळी हवीच. म्हणजे पेटी ३७० मिमी तरी लांब लागते. अडीचशे मिमीच्या खोक्याला ही दांडी जोडली तर ब्रिजची खरी जागा खोक्याच्या बाहेरच येते. मग तो ‘बसेल तिथे’ चिकटवला जातो आणि एकही पडदा सुरात लागत नाही. हे नंतर दुरुस्त होत नाही. म्हणून करवत हातात घेण्याआधी कागदावर नट, दांडीचा जोड आणि ब्रिज खऱ्या मापात आखून घ्या.

डोक्याकडे किंवा आवाजाच्या भोकातून षटकोनी नट (हा बोल्टवरचा) दिसला तर दांडीत पोलादी सळई आहे. तो नट आधी सैल करा, लाकूड साध्या करवतीने आणि सळई हॅक्सॉ ब्लेडने कापा. कापलेली सळई आत खुळखुळते, तिच्या टोकाशी इपॉक्सीचा थेंब सोडा. नायलॉनच्या चार तारांना तिची गरज नसते.

खोकं लहानच असेल तर जुनी पडदेपट्टी विसरा आणि ३८० मिमीची नवी करा. नटपासून पहिला पडदा २१.३ मिमीवर, दुसरा ४१.५, तिसरा ६०.५, चौथा ७८.४, पाचवा ९५.३, सातवा १२६.४, दहावा १६६.७ आणि बारावा बरोबर मध्यावर, १९० वर. मधले काढायचे तर उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागा, पुढच्या पडद्याचं अंतर मिळतं. आखताना मात्र प्रत्येक माप नटपासूनच घ्या. मागच्या पडद्यापासून मोजत गेलात तर अर्ध्या अर्ध्या मिमीची चूक साठत जाते. पडद्यांच्या तारा जुन्या गिटारच्याच चालतात, पण पकडीने सरळ ओढू नका. सोल्डरिंग आयर्नने तापवून हळूच उचला, नाहीतर तार वाकते.

चाव्या गिटारच्या घ्या. तीन-तीनच्या पट्टीतली एक कापून दोन-दोन ठेवायच्या. डावी-उजवी पट्टी उलटी बसली की चाव्या उलट फिरतात, स्क्रू मारण्याआधी बघा. बुलबुल तरंगाच्या खुंट्या पोलादी तारेसाठी असतात. ताणली जाणारी नायलॉन तार त्यांच्यावर पुरेशी गुंडाळत नाही, म्हणून त्या टाळलेल्याच बऱ्या.

तारांची चूक महागात पडते. ‘गिटारच्या तारा पडल्याच आहेत’ म्हणून स्टील चढवू नका. स्टीलच्या सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास जातो, युकुलेलेच्या चार नायलॉन तारांचा जेमतेम पंधरा. दोन मिमीची फळी स्टीलने फुगते आणि ब्रिज उपटतो. क्लासिकल गिटारचा नायलॉन संच मात्र सोन्यासारखा (युकुलेलेच्या तारांचे सूर जी-सी-ई-ए): त्याची पहिली तार (०.७ मिमी) जी साठी, दुसरी (०.८) ई साठी, तिसरी (१.०) सी साठी. ए साठी ०.६ मिमीचा मासेमारीचा नायलॉन दोरा चालतो. इथे जी ही सी पेक्षा वरच्या सुरात असते. ती जाड असावी असं समजून संचातली चौथी, धातू गुंडाळलेली तार लावू नका.

आता गोंद, आणि हा खास आपल्याकडचा प्रश्न. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत पांढरा सुतारी गोंद मऊ पडतो आणि ताणाखाली ब्रिज हळूहळू सरकतो. नुसत्या गोंदावर ब्रिज ठेवू नका. ब्रिज आणि फळी मिळून आरपार भोकं पाडा, तारा आतून मणी लावून गाठीने अडवा. मग गोंदावर ओढ कमी येते. सागवान तेलकट, त्याला गोंद धरत नाही. चिकटवण्याच्या आधी लगेच पॉलिश पेपर मारून थिनरने पुसा. आखाजीला कोरडं जुळवलेलं लाकूड कानबाईच्या दिवसांत (श्रावणात) फुगतं, म्हणून पाठीची फळी एका तुकड्याच्या सागवानाऐवजी प्लायची बरी.

वाजवून बघताना: मोकळी तार आणि बाराव्या पडद्यावरचा सूर यांत अंतर पडतंय? बारावा सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरची तार टेकणारी पट्टी) नटपासून दूर न्या, उतरता असेल तर जवळ. म्हणूनच सॅडलची जागा सुरुवातीलाच दीड-दोन मिमी मागे धरा. नटजवळ खरखर येत असेल तर तिसऱ्या पडद्यावर तार दाबा. पहिल्या पडद्यावर कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. तार टेकत असेल तर खाचा जास्त खोल गेल्या आहेत: खाचेत लाकडाचा बारीक भुसा भरून सुपर ग्लूचा थेंब टाका आणि नव्याने घासा. आणि पहिले चार-पाच दिवस सूर सतत उतरत राहिला तर चाव्यांना दोष देऊ नका, नायलॉन ताणलं जातंय.