होम थिएटरसाठी लांब एचडीएमआय केबल कशी निवडावी

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत नवं घर बांधताना आता एक खोली होम थिएटरसाठी राखली जाते. प्रोजेक्टर, स्पीकर, पडदा यांवर महिनोन्‌महिने विचार होतो आणि प्लेअरमधलं चित्र आणि आवाज प्रोजेक्टरपर्यंत नेणारी एचडीएमआय केबल मात्र प्लास्टरच्या आदल्या दिवशी घाईत आणली जाते. भिंतीत गाडली जाणारी वस्तू तीच, म्हणून तिचा विचार सगळ्यात आधी करा.

सुरुवात टेपने मोजण्यापासून. समोरून पाहिलेलं अंतर फसवं असतं. समजा, पडद्याखालच्या कपाटापासून प्रोजेक्टर 13 फुटांवर आहे. केबल मात्र भिंतीवरून 8 फूट वर जाणार, 5 फूट आडवी, मग छताला धरून 13 फूट आणि शेवटी 2 फूट खाली. झाले 28 फूट. दोन्ही टोकांना तीन-तीन फूट मोकळी ठेवली की 34, म्हणजे 10 मीटरच्या थोडं वरच. इथे 10 मीटरची केबल तोकडी पडते. 12 किंवा 15 मीटरची घ्यावी लागते.

आता त्या केबलमधून काय जाणार ते ठरवा. 1080पी, म्हणजे फुल एचडी, चित्र जाड तारेच्या चांगल्या तांब्याच्या केबलमधून 10 मीटरपर्यंत सहसा नीट जातं. 4के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं), सेकंदाला 60 फ्रेम, असं चित्र हवं असेल तर सेकंदाला 18 गिगाबिटचा प्रवाह लागतो आणि साध्या तांब्याच्या केबलचा भरवसा साधारण 5 मीटरपर्यंतच धरावा. 8केसारख्या त्याहून मोठ्या चित्रांच्या 48 गिगाबिटसाठी तर त्याहूनही कमी. केबल कमी पडली की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मधेच अंधार होतो किंवा चित्र येतच नाही. रंग फिके पडणं हे केबलचं लक्षण नाही. त्यामुळे ‘सोन्याचा मुलामा, चित्र जास्त झळाळतं’ या बोलण्यावर पैसे घालवू नका. पाकिटावर ‘प्रीमियम हाय स्पीड’ (18 गिगाबिट) किंवा ‘अल्ट्रा हाय स्पीड’ (48 गिगाबिट) असं लेबल आहे का पाहा, त्यावरचा कोड मोबाइलने स्कॅन करा.

10 मीटरच्या पुढे 4के न्यायचं तर माझं मत स्पष्ट आहे: ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिच्यात चित्र काचेच्या तंतूंतून प्रकाशाने जातं, त्यामुळे 30 मीटरलाही अडचण येत नाही. मात्र तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेअरकडे, ‘डिस्प्ले’ लिहिलेलं प्रोजेक्टरकडे. उलटी ओढली तर चित्र येणार नाही आणि पुन्हा सगळी बाहेर काढावी लागेल. तिला काटकोनात मुडपू नका, प्लगला धरून ओढू नका. आतली काच तुटते. टीव्हीचा आवाज त्याच केबलने साउंडबारला न्यायचा असेल तर ती ई-एआरसी (टीव्हीचा आवाज उलट साउंडबारकडे पाठवण्याची सोय) चालवते का, हे विचारून घ्या.

एक पर्याय फार थोडे लोक विचारात घेतात: रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायर) आणि प्लेअर प्रोजेक्टरजवळच मागच्या भिंतीला ठेवायचे. मग एचडीएमआय दोन-तीन मीटरची पुरते आणि लांब जाते ती फक्त स्पीकरची वायर, जिला 10 मीटरचं काही वाटत नाही.

पाइपच्या बाबतीत वायरमनशी आधीच बोला. एचडीएमआयचा प्लग सुमारे 2 सेंटिमीटर रुंद असतो. नेहमीच्या 20 किंवा 25 मिलिमीटरच्या पाइपमध्ये तो बेंडवर अडकतो. 40 मिलिमीटरचा पाइप आणि मोठ्या वळणाचे बेंड टाकून घ्या. लाइटच्या वायरी त्यातून नकोत. त्यांचा पाइप वेगळा, थोडं अंतर राखून. गच्चीवरून नेण्याचा सोपा रस्ताही टाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, त्या उन्हात केबलचं वरचं आवरण लवकर कडक होऊन तडकतं. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या घरांत जाड भिंतींना झिऱ्या पाडण्यापेक्षा बाहेरून रुंद केसिंग पट्टी बरी. केबल वरून बसते, त्यामुळे प्लगही अडत नाही.

केबल आत घालण्याआधी जमिनीवर पसरून प्लेअर आणि प्रोजेक्टर जोडा आणि 4के चित्र तासभर चालवून बघा. दुकानदाराशी बदलून देण्याचं बोलणं त्याआधीच झालेलं असू द्या. मग केबलबरोबर एक नायलॉनची दोरीही पाइपमध्ये ओढून ठेवा, पुढे केबल बदलायची वेळ आली तर तीच कामाला येते. प्लास्टर होण्याआधी पाइपच्या मार्गाचे फोटो काढा, फ्रेममध्ये टेप दिसेल असे.