रविवारचा जमैकन भात आणि रेगेचा ठेका

जमैकात रविवारच्या जेवणात 'राइस अँड पीज' हवाच. नावात 'पीज' असले तरी या भातात वाटाणा नसतो. एरवी लाल राजमा आणि नाताळच्या सुमारास 'गंगो पीज', म्हणजे आपल्या तुरीचे ओले दाणे घालतात. राजमा शिजायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात रेगे हे जमैकन संगीत कसे ऐकावे हे शिकता येते, म्हणून दोन्ही कृती एकत्र देत आहे.

एक वाटी राजमा रात्रभर भिजवावा. सकाळी ते पाणी टाकून देऊन, भरपूर ताज्या पाण्यात, ठेचलेल्या लसणाच्या दोन-तीन पाकळ्या आणि ऑलस्पाइस या मिरीसारख्या मसाल्याचे सात-आठ दाणे घालून तो शिजत ठेवावा. पहिली दहा मिनिटे तरी खळखळून उकळी हवी, कारण कच्च्या राजम्यातील लेक्टिन हे अपायकारक प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही. ऑलस्पाइसला जमैकात 'पिमेंटो' म्हणतात. ते न मिळाल्यास दोन लवंगा आणि दालचिनीचा लहान तुकडा घालावा. गंध अगदी तोच येत नाही, पण जवळपास पोहोचतो.

राजमा मऊ होईपर्यंत गाण्यांकडे वळावे. सुरुवात 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धातील 'स्का'ने करावी. ट्रम्पेट-सॅक्सोफोनने गजबजलेले हे जलद संगीत 1964 साली स्थापन झालेल्या स्कॅटलाइट्स या बँडच्या वादनात उत्तम ऐकू येते. 1966 च्या सुमारास लय मंदावली, बास गिटार पुढे आली आणि 'रॉकस्टेडी' जन्मले. 1968 साली टूट्स अँड द मेटल्सच्या एका गाण्याच्या नावातच 'रेगे' हा शब्द आला.

आता गायक बॉब मार्लींच्या वेलर्स या बँडचे 1970 च्या दशकातील एखादे संथ गाणे लावून चार मात्रा मोजाव्यात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर गिटारचा तुटक आघात येतो, तर मोठा ड्रम पहिली मात्रा मोकळी सोडून तिसरीवर पडतो. या ठेक्याला 'वन ड्रॉप' म्हणतात आणि वेलर्सचे ड्रमवादक कार्ल्टन बॅरेट यांचा त्यात विशेष हातखंडा होता. आपला कान समेवर वजन शोधतो, त्यामुळे ती मोकळी जागा आरंभी चुकल्यासारखी वाटते. अशा वेळी गायकाला सोडून कार्ल्टन यांचे बंधू अ‍ॅस्टन यांच्या बास गिटारचा माग धरावा. माझ्या मते रेगेची खरी चाल तिथेच असते.

राजमा शिजला की त्याचे लालसर पाणी जपून ठेवावे, कारण भाताचा रंग त्यातूनच येतो. दोन वाट्या लांब दाण्याच्या तांदळाला नारळाचे दाट दूध आणि हे पाणी मिळून साधारण चार वाट्या द्रव लागतो. त्यात राजमा, ठेचलेली कांद्याची पात, थाइम या सुगंधी वनस्पतीच्या दोन काड्या, मीठ आणि एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची घालून दहा मिनिटे उकळावे. थाइमऐवजी ओवा घालू नये. तो फार उग्र पडतो. मिरचीचे देठ काढू नये, तिला चीर देऊ नये आणि डावाने ढवळू नये, कारण भाताला तिचा फळासारखा सुगंध हवा असतो. ती फुटली तर सगळा भात जाळ होतो. धुतलेले तांदूळ घालून, झाकण घट्ट लावून, अगदी मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे. मिरची आधी अलगद उचलावी आणि मगच भात मोकळा करावा.

सोबत बोकडाच्या मटणाची 'करी गोट' शोभते. करीची ही परंपरा 1845 पासून जमैकात नेल्या गेलेल्या भारतीय गिरमिटियांशी, म्हणजे करारबद्ध मजुरांशी, जोडलेली आहे. भांड्याच्या तळाशी लागलेल्या खरपुडीला तिथे 'बन-बन' म्हणतात. ती खरवडून, गरम असतानाच वाढावी.