साखर कारखान्यातल्या अधिकाऱ्यांची मुलाखत घेताना

शेतकी अधिकारी किंवा चीफ केमिस्ट यांच्याकडे जायचं ते कागदावर मिळत नाही ते विचारायला. "एफआरपी म्हणजे काय?" (उसाला कारखान्याने द्यायचा किमान दर) असं विचारलंत की पहिली दहा मिनिटं गेली म्हणून समजा. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) ती क्विंटलमागे ३४० रुपये होती, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत पैसे, एवढं वाचूनच जा.

परवानगीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीनिशी, कार्यकारी संचालकांच्या नावे. आवक-जावकला देऊन पोच घ्या. पत्राशिवाय अधिकारी चहा पाजतील, बोलणार नाहीत. गाळप चालू असताना शेतकी विभागाचा फोन खाली ठेवला जात नाही, म्हणून पट्टा पडल्यावरची, म्हणजे हंगाम संपल्यावरची, वेळ मागा.

पाऊण तासाला आठ प्रश्न पुरतात. "तोडणी कामगारांच्या समस्या काय आहेत?" याला वर्तमानपत्री उत्तर मिळतं. त्याऐवजी घडलेलं विचारा: "साहेब, मागच्या हंगामात तोडणीचा प्रोग्राम कधी मोडावा लागला? तो निरोप फडापर्यंत कोणी नेला?" मग चिटबॉय (तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस), मुकादम, बंद पडलेला ट्रॅक्टर, वजनदार सभासदाचा फोन असं एकेक बाहेर येतं. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. चार-पाच सेकंद गप्प राहिलं की बहुतेक जण आपणहून पुढचं सांगतात, आणि कामाचं नेमकं तेच असतं.

रेकॉर्डिंगची परवानगी आधी तोंडी घ्या, मग रेकॉर्डर सुरू करून तोच होकार पुन्हा घ्या. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच आलेल्या कॉलने रेकॉर्डिंग थांबू शकतं आणि ते घरी गेल्यावर कळतं. फोन घडी घातलेल्या रुमालावर, पंख्याच्या झोताबाहेर ठेवा. "हे लिहू नका" म्हणाले की रेकॉर्डर थांबवा, पेनही खाली ठेवा.

आकडा आला की तिथेच खुंटा हलवून बघा. "साडेअकरा उतारा" म्हणजे त्या दिवसाचा की हंगामाचा सरासरी? सुरुवातीचा उतारा कमी असतो, थंडीत चढतो. हा फरक सुटला तर तुमचा तक्ताच चुकेल.

तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास धरा. टिपणं मात्र त्याच रात्री पुरी करा. बोली सुधारून प्रमाण करत बसू नका.

नाव गाळलं की ओळख लपते असं नाही. तालुक्यात कारखाना एकच असेल तर "तालुक्यातील कारखान्याचे शेतकी अधिकारी" म्हणजे कोण, हे चावडीवरही सांगतील. "पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी कारखान्याचे अधिकारी" असं लिहा आणि त्यांची वाक्यं, आकडे छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा. निष्कर्ष दाखवायची गरज नाही.