लेझर सिम्युलेशनचं उत्तर काहीच्या बाही येऊन राहिलं? हे क्रमानं तपासा

उन्हाळा लागला की नागपुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या आणि इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट जमा करायची वेळ येते आणि तोच प्रश्न सुरू होतो, भाऊ सॉफ्टवेअर चालू तं झालं पण एफिशियन्सी कधी ०.०००१ टक्के दाखवते कधी ९९, काहून? बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बरोबर असतं, त्याला दिलेलं मटेरियल किंवा युनिट चुकलेलं असतं, म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो की आपला प्रॉब्लेम टाकायच्या आधी ज्याचं उत्तर जगाला माहीत आहे असा प्रॉब्लेम टाकून बघायचा. तिथं उत्तर जुळत नसेल तर पुढं जायचंच नाही.

मी इथं मुख्यतः एसएनएलओबद्दल लिहितो, आर्ली स्मिथ यांनी बनवलेलं, विंडोजवर चालणारं, फुकट आणि नॉनलिनियर क्रिस्टलसाठी, म्हणजे लेझरचा रंग बदलणाऱ्या (जसं १०६४ नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडचा ५३२ चा हिरवा करणाऱ्या) क्रिस्टलसाठी, फार कामाचं. एफिशियन्सी म्हणजे किती ऊर्जा नव्या रंगात गेली ती. ते उघडतच नसेल किंवा रिझल्टची फाइल सेव्ह होत नसेल तर फोल्डर प्रोग्राम फाइल्समधून काढून डॉक्युमेंट्समध्ये ठेवा, तिथं लिहायची परवानगी असते. फोल्डरचं नाव साधं इंग्रजीत, मधे स्पेस नको. खिडकीतली बटणं कापलेली दिसत असतील तर आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, तिथं हाय डीपीआय सेटिंग बदला, आजकालच्या लॅपटॉपचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असतं आणि जुन्या पद्धतीच्या खिडक्यांना ते झेपत नाही. आकडे एक्सेलमधून कॉपी केले असतील तर १०६४ च्या मधला स्वल्पविराम काढा. पीडीएफमधून घेतलेले आकडे तर हातानंच टाइप करा, तिथली वजाची खूण वेगळीच असते आणि घातांक गळून पडतो, १० चा उणे तिसरा घात नुसता १०३ होऊन बसतो.

आता खरी गोष्ट, मटेरियल. काचेचा किंवा क्रिस्टलचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (अपवर्तनांक) सेलमायरच्या सूत्रानं (वेव्हलेंग्थ आणि मटेरियलचे बी, सी हे आकडे घालून) काढतात, त्यातली वेव्हलेंग्थ जवळपास नेहमी मायक्रोमीटरमध्ये असते. तुम्ही पायथनमध्ये स्वतः सूत्र लिहिलं असेल किंवा कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन मटेरियल भरलं असेल तर आधी बीके७ काच टाका, बी चे आकडे १.०३९६१२१२, ०.२३१७९२३४४, १.०१०४६९४५ आणि सी चे ०.००६०००६९८६७, ०.०२००१७९१४४, १०३.५६०६५३. वेव्हलेंग्थ ०.५८७६ घातली की इंडेक्स १.५१६८ यायलाच पाहिजे. १.८१ आला तर तुम्ही नॅनोमीटर घातले, ५८७.६. अगदी १ आला तर मीटर घातले. यातलं काहीच नाही आणि तरी जुळत नाही तर सी चा वर्ग करायचा की तो आधीच वर्ग केलेला आहे हे बघा, कारण दोन्ही पद्धतीचे तक्ते मिळतात आणि एका पुस्तकातले आकडे दुसऱ्याच्या सूत्रात घातले की पूर्ण घोळ होतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि यानं पुढचे कितीतरी दिवस वाचतात, म्हणून कळकळीनं सांगतो, टाळू नका.

मग क्रिस्टल. एसएनएलओच्या क्यूमिक्स या भागात बीबीओ (एक नॉनलिनियर क्रिस्टल) निवडा, १०६४ आणि १०६४ नॅनोमीटर भरा, ५३२ तो स्वतः काढतो. टाइप वनला (दोन्ही मूळ लहरींचं पोलरायझेशन सारखं) थीटा, म्हणजे क्रिस्टलच्या अक्षाशी बीमचा कोन, २२.८ ते २२.९ अंशांच्या आसपास, डी इफेक्टिव्ह (क्रिस्टलची नॉनलिनियर ताकद) साधारण २ पिकोमीटर प्रति व्होल्ट आणि हिरव्या लहरीचा वॉक-ऑफ (बीम बाजूला सरकण्याचा कोन) साधारण ५६ मिलीरेडियन आला की समजा गाडी रुळावर आहे. वॉक-ऑफचा आकडा नुसता वाचून सोडू नका, त्याचा अर्थ काढा, ५६ मिलीरेडियन म्हणजे १ सेंटीमीटरच्या क्रिस्टलमध्ये हिरवा बीम अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त बाजूला सरकतो. तुमचा बीम १०० मायक्रॉनचाच असेल तर दोघं जेमतेम २ मिलिमीटर सोबत चालतात, पुढचं क्रिस्टल मग फार काही देत नाही. म्हणून एसएनएलओच्याच प्लेन वेव्हवाल्या (बीम अमर्याद रुंद धरणाऱ्या) पीडब्ल्यू-मिक्स मॉड्युलनं दाखवलेली भलीमोठी एफिशियन्सी थेट रिपोर्टमध्ये टाकू नका, त्यात वॉक-ऑफ आणि डिफ्रॅक्शन (बीम पसरणं) दोन्ही नसतात. हे दोन्ही धरणारं २डी-मिक्स-एलपी वापरा.

कोन मात्र दुसऱ्या दशांशापर्यंत खरा मानू नका. बीबीओचे सेलमायरचे आकडे वेगवेगळ्या लोकांनी मोजलेत, त्यातून येणारा कोन थोडाथोडा वेगळा येतो, आणि ०.१ अंश म्हणजे १.७ मिलीरेडियन, तर १ सेंटीमीटर बीबीओची सहनशीलता (कोन किती चुकला तरी चालतं ती मर्यादा) आहे साधारण अर्धा मिलीरेडियन. म्हणजे सॉफ्टवेअरच्या कोनावर क्रिस्टल फिक्स करून ठेवलं आणि हिरवं दिसलंच नाही असं सहज होऊ शकतं. सिम्युलेशननं सांगितलेल्या जागेपासून सुरुवात करायची आणि माउंट हळूहळू फिरवून खरी जागा शोधायची.

सगळ्यात जास्त घोळ बीमच्या साइजचा. लेझरच्या डेटाशीटवर व्यास बहुतेक १/ई-वर्ग वाला (इंटेन्सिटी मध्याच्या १/ई-वर्ग उरते तिथपर्यंतचा) असतो आणि एसएनएलओ मागतं एफडब्ल्यूएचएम (इंटेन्सिटी निम्मी होते तिथली पूर्ण रुंदी), गॉशियन बीमसाठी पहिल्याला ०.५८९ नं गुणलं की दुसरा मिळतो. उदाहरण धरा, १० मिलीजूल, १० नॅनोसेकंदाची पल्स, डेटाशीटवर व्यास २ मिलिमीटर. गॉशियन पल्सची पीक पॉवर ०.९४ गुणिले ऊर्जा भागिले वेळ, म्हणजे ०.९४ मेगावॅट. त्रिज्या १ मिलिमीटर, तर मध्यावरची इंटेन्सिटी दोन पी भागिले पाय डब्ल्यू वर्ग (पी पीक पॉवर, डब्ल्यू त्रिज्या), म्हणजे जवळपास ६० मेगावॅट प्रति चौरस सेंटीमीटर. खोक्यात १.१८ मिलिमीटर भरायला पाहिजे होते, पण कोणी सरळ २ भरले तर सॉफ्टवेअर इंटेन्सिटी २१ धरतं, आणि एफिशियन्सी कमी असताना ती इंटेन्सिटीच्याच प्रमाणात चालते, त्यामुळं उत्तर एक तृतीयांशावर येतं. काहीही एरर दाखवत नाही, म्हणूनच हे लवकर सापडत नाही. उत्तर बरोबर चौपट चुकत असेल तर दोन शंका घ्या, त्रिज्येच्या जागी व्यास घातला, नाहीतर डी च्या जागी काय-टू (χ⁽²⁾, नॉनलिनियर ससेप्टिबिलिटी) घातला, कारण डी हा काय-टू च्या निम्मा असतो आणि एफिशियन्सीत त्याचा वर्ग लागतो. टाइप वनमध्ये ऊर्जा दोन रेड (म्हणजे मूळ १०६४ च्या) लहरींत अर्धी-अर्धी वाटून भरायची का, हेही त्या मॉड्युलच्या हेल्पमध्ये वाचून घ्या.

एफिशियन्सी अगदीच नगण्य आली तर लगेच सॉफ्टवेअर बिघडलं म्हणू नका. फेज मॅचिंग (मूळ आणि नवी लहर क्रिस्टलभर एकाच तालात चालणं) नसेल तर निसर्गही तेवढंच देतो. १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि सोबत्यांनी रुबी लेझर क्वार्ट्झमधून पाठवून पहिल्यांदा सेकंड हार्मोनिक (निम्म्या वेव्हलेंग्थचा प्रकाश) पाहिलं, ६९४.३ वरून ३४७.२ नॅनोमीटर, तेव्हा फेज मॅचिंग नव्हतं आणि सिग्नल इतका बारीक की छापताना फोटोतला तो ठिपका डाग समजून काढून टाकला गेला. तुमचा डेल्टा-के (तो ताल किती चुकतो त्याचा आकडा) शून्याजवळ आहे का ते आधी बघा, मग बाकीचं.

तापमान आपल्या नागपूरकरांनी तर विसरूच नये. एसएनएलओला तापमान केल्विनमध्ये लागतं, आणि २९३ म्हणजे २० सेल्सिअस, मे महिन्यात एसी बंद असलेल्या लॅबमध्ये सहज ३१३ ते ३१५ केल्विन असतं. बीबीओला फारसा फरक पडत नाही, पण एलबीओ (दुसरं एक क्रिस्टल) १०६४ साठी नॉनक्रिटिकल (कोनाऐवजी तापमानानं फेज मॅचिंग) करायचा तर साधारण १४९ सेल्सिअसवर ठेवावा लागतो, म्हणजे ४२२ केल्विन, आणि १ सेंटीमीटरच्या तुकड्याला जेमतेम ४ अंशांची मोकळीक. सिम्युलेशनमध्ये तापमान २ अंश वर २ अंश खाली करून बघा, ओव्हन किती स्थिर पाहिजे ते तिथंच समजतं. आणि कृपा करून क्रिस्टल उघडं असताना लॅबमध्ये कूलर लावू नका, पाण्याच्या कूलरची दमट हवा केडीपी क्रिस्टलला तर खातेच पण बीबीओच्या पॉलिशलाही धोका असतो, क्रिस्टल डेसिकेटरमध्येच (हवा कोरडी ठेवणाऱ्या डब्यात) ठेवा.

अजून एक, सॉफ्टवेअरला क्रिस्टल जळणं माहीत नसतं. इंटेन्सिटी वाढवत गेलात तर ते खुशाल ९० टक्के दाखवेल, प्रत्यक्षात तोपर्यंत कोटिंग उडालेलं असेल. विकणाऱ्याच्या डेटाशीटवरची डॅमेजची मर्यादा बघा आणि ती किती लांबीच्या पल्ससाठी दिली आहे तेही.

नॅनोफोटोनिक्सवाले (अतिसूक्ष्म रचनांमधला प्रकाश अभ्यासणारे) मीप हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर वापरतात, एमआयटीत तयार झालेलं, त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) कॉन्डानं (पॅकेज इन्स्टॉल करायचं साधन) टाका, थेट टाकायच्या फंदात पडू नका. एकक मायक्रॉन धरलं तर फ्रिक्वेन्सी म्हणजे १ भागिले वेव्हलेंग्थ, १.५५ साठी ०.६४५, हर्ट्झमध्ये काहीही भरू नका. ग्रिड मटेरियलच्या आतल्या वेव्हलेंग्थवर ठरवा, सिलिकॉनचा इंडेक्स ३.४८ म्हणजे आत १.५५ चे ०.४४५ मायक्रॉन होतात, त्यात किमान १० तरी पॉइंट, बरं उत्तर पाहिजे तर २०. पण त्रिमितीत ग्रिडमधलं अंतर निम्मं केलं की मेमरी ८ पट आणि वेळ १६ पट लागतो, १० मायक्रॉनचा घन २५ नॅनोमीटरनं कापला तर ६.४ कोटी पेशी होतात, नुसत्या फील्डलाच ३ जीबी. म्हणून आधी द्विमितीत चालवा. फील्ड वाढत वाढत नॅन (NaN, म्हणजे आकडाच उरला नाही) झाले तर कूरांट फॅक्टर (वेळेची स्टेप ग्रिडमधल्या अंतराच्या किती पट ते) ०.५ वरून खाली आणा आणि धातूचं मॉडेल तुमच्या पल्सच्या सगळ्या फ्रिक्वेन्सींना लागू आहे का तपासा. रन लांबचा असेल तर मधेमधे फील्ड फाइलीत सेव्ह करत राहा, लाईन गेली की रात्रभराचं काम गेलं, आणि उन्हाळ्यात गरम झालेला लॅपटॉप स्वतःच स्पीड कमी करतो तेव्हा रन अडकला समजून बंद करू नका.

शेवटी ग्रिडचे पॉइंट आणि स्टेपची संख्या दुप्पट करून एकदा परत चालवा, उत्तर १ टक्क्याच्या आत राहिलं तर ठेवा. तरी अडलं आणि कोणाला विचारायचं असेल तर नुसता स्क्रीनशॉट पाठवू नका. क्रिस्टल आणि लांबी, टाइप वन की टू, वेव्हलेंग्थ, तापमान, ऊर्जा, पल्स, बीमचा व्यास आणि तो कुठल्या व्याख्येनं घेतला, एवढं लिहा, सांगणाऱ्याला चूक बरेचदा त्या ओळीतच दिसते.